ब्रेक बदलण्याआधी

बीडहून सोलापूरकडे निघाले की पाली मागे पडते, बिंदुसरेचे पाणी नजरेआड होते आणि रस्ता बालाघाटाच्या डोंगरावर चढू लागतो. घाट संपला की मांजरसुंबा. इथून एक रस्ता सरळ सोलापूरला जातो, एक पाटोद्यावरून अहिल्यानगरकडे वळतो, एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईला निघतो. चौकातल्या टपरीवर चहाला थांबले की मराठवाड्याच्या रस्त्यांवर काय काय धावते ते अर्ध्या तासात कळते. माल भरलेले ट्रक, रात्रीच्या खासगी बस, कपिलधारला निघालेल्या भाविकांच्या जीपगाड्या, हंगामात ऊसतोड कुटुंबांना घेऊन जाणारे ट्रॅक्टर. आणि अलीकडे यात एक नवी भर पडली आहे: खाली दबवलेली, रुंद टायरची, सायलेन्सर बदललेली छोटी हॅचबॅक गाडी.

ही गाडी चालवणारा तरुण बहुधा पंचवीस-तिशीचा असतो. आधी त्याने इंजिनाची ताकद वाढवून घेतलेली असते, मग चाके बदललेली असतात. या वाटेवर पुढचा टप्पा येतो तो ब्रेकचा. मोठ्या डिस्क, लाल रंगाचे कॅलिपर, जास्त पकड देणारे पॅड. मोठ्या डिस्कच्या पूर्ण संचाचा खर्च लाखाच्या पुढेही जाऊ शकतो. घरचे म्हणतात, उधळपट्टी आहे. तो म्हणतो, सुरक्षिततेसाठी आहे.

या वादात तरुणाची बाजू अगदीच लंगडी नाही. इंजिनाची ताकद वाढवून ब्रेक जुनेच ठेवणे हे जास्त धोक्याचे आहे. थांबण्याचा विचार ज्याच्या मनात आला, तो निदान योग्य प्रश्नापाशी पोहोचला आहे. प्रश्न इतकाच आहे की त्याचे उत्तर तो चुकीच्या दुकानात शोधतो आहे का. अपघातात सापडलेली माणसे जिथे आणली जातात, त्या बाजूने पाहिले तर ब्रेक सुधारण्याचा क्रम वेगळाच दिसतो. त्या क्रमात मोठी डिस्क असते, पण ती सर्वात शेवटी.

बारा कटिंगचे आधण

ब्रेक गाडीला थांबवतो म्हणजे नेमके काय करतो? धावत्या गाडीत गतीची ऊर्जा साठलेली असते. ती कुठे तरी गेल्याशिवाय गाडी उभी राहत नाही. पॅड डिस्कवर घासतात आणि गतीची उष्णता होते. ब्रेकचे काम एवढेच.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन माणसांसह अकराशे किलोची छोटी गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिच्यात सुमारे सव्वाचार लाख ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचे सव्वा लिटरहून थोडे जास्त पाणी उकळते. टपरीवरच्या भाषेत, डझनभर कटिंगचे आधण. ही सगळी उष्णता चार-पाच सेकंदांत चार चाकांपाशी तयार होते आणि त्यातली बरीचशी पुढच्या दोन चाकांवर येते, कारण ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो.

हाच वेग ५० असता तर ऊर्जा निम्मी नव्हे, पाव असती. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. हे शाळेच्या पुस्तकातले सूत्र आहे, पण रस्त्यावर ते फार थोड्यांना आठवते.

आता घाट उतरू. उतारावर इंजिनाने जोर दिला नाही तरी पृथ्वी गाडीला ओढत असते. दर १०० मीटर उंची उतरताना याच गाडीची पावणेअकरा लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे वेग न वाढवता, नुसता सांभाळत उतरायचे म्हटले, तरी ताशी १०० वरून अडीच वेळा गाडी उभी करण्याइतके काम कुणाला तरी करावे लागते. ते एकट्या ब्रेकवर टाकले, पाय सतत पेडलवर ठेवला, तर डिस्क तापत जाते, पॅडची पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी आवरत नाही.

मोठ्या डिस्कचा खरा उपयोग इथे आहे. तिच्यात धातू जास्त, म्हणून ती उष्णता जास्त सामावते. तिचा पृष्ठभाग मोठा, म्हणून ती लवकर निवते. शर्यतीच्या ट्रॅकवर दर वळणाला जोरात ब्रेक दाबावा लागतो, तिथे ती हवीच. १९५३ साली जग्वारच्या गाडीने फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, त्यानंतर जगभरच्या गाड्यांना डिस्क बसू लागल्या. तेव्हा डिस्कच्या विज्ञानाबद्दल शंका नाही. पण बीड-मांजरसुंबा हा ट्रॅक नव्हे. इथे एकदाच, अचानक आणि पूर्ण ताकदीने थांबायची वेळ येते: समोर म्हैस आली, दुचाकी आडवी गेली, दिवे नसलेली ट्रॉली दिसली. त्या एका वेळेला मोठी डिस्क फारशी मदत करत नाही. का, ते पाहू.

पकड टायरची

ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. रस्त्याला टेकलेला टायरचा तळहाताएवढा भाग, असे चार तळहात, एवढ्यावर सगळा खेळ असतो. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ही यंत्रणा दाब क्षणाक्षणाला सोडते आणि पुन्हा धरते. पेडलला थरथर जाणवते ती याच कारणाने. ही थरथर एक गोष्ट सांगते: कंपनीचेच ब्रेक चाक जाम करण्याइतके सशक्त आहेत. अडचण ब्रेकच्या ताकदीची नाही, रस्त्यावरच्या पकडीची आहे. मग त्याहून सशक्त ब्रेक लावून त्या पहिल्या थांबण्याचे अंतर कसे कमी होणार?

म्हणून झिजलेल्या टायरवर महागडे ब्रेक म्हणजे फाटक्या चपलेवर रेशमी मोजे. पावसात तर फरक आणखी वाढतो. ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर येऊ शकते आणि थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट होते. टायरची नक्षी झिजली असेल तर पाणी बाहेर फेकले जात नाही, आणि वेगात टायर पाण्यावर तरंगतो. त्या क्षणी लाल कॅलिपर असो की साधा, गाडी ऐकत नाही.

आणखी एक धोका आहे. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल कंपनीने बऱ्याच चाचण्या करून बसवलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ह्युंदाई आय-२० एन लाइनसारख्या मोजक्या गाड्यांना चारही चाकांना डिस्क मिळतात. केवळ पुढची डिस्क मोठी केली तर हा तोल बिघडू शकतो आणि एबीएसचे गणितही चुकू शकते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनी जेव्हा कागद मागते, तेव्हा हे कलम घरच्यांना पहिल्यांदा कळते.

पातळ पदार्थ, मोठे काम

घाटात ब्रेक निकामी झाले, असे आपण बातमीत वाचतो. यातल्या काही वेळा ब्रेक तुटलेला नसतो. ब्रेक ऑइल उकळलेले असते. पेडलचा दाब चाकापर्यंत पोहोचवणारा हा द्रव हवेतली ओल शोषून घेतो. डॉट-४ दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर मात्र ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर तापलेल्या ब्रेकपाशी हे तापमान गाठणे अवघड नसते. द्रवाची वाफ झाली की पेडल स्पंजासारखे आत जाते, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पाय तळाला टेकतो आणि गाडी धावतच राहते.

हे टाळण्याचा उपाय फार स्वस्त आहे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, साधारण दर दोन वर्षांनी, ब्रेक ऑइल बदलायचे. ज्या गाडीला लाखाचे ब्रेक बसवायचे ठरते आहे, तिचे ऑइल शेवटचे कधी बदलले, असे विचारून पाहावे. बऱ्याचदा उत्तर येत नाही. जाता जाता वैद्यकीय सूचनाही देणे भाग आहे: उरलेले ब्रेक ऑइल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. ते विषारी असते आणि लहान मुलाला त्यातला फरक कळत नाही.

दुसरा उपाय फुकट आहे. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरते आणि ब्रेकचा भार हलका होतो. याउलट डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून घाट उतरणारेही भेटतात. त्यांचा हिशेबच चुकीचा आहे. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे इंधन जवळजवळ बंद होते; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच. आणि इंजिनच बंद केले तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होते, कारण त्याला मदत करणारी निर्वात शक्ती संपलेली असते. पैसा वाचत नाही, जीव मात्र टांगणीला लागतो.

डोळ्यापासून पायापर्यंत

आतापर्यंत गाडीच्या ब्रेकबद्दल बोललो. पण ब्रेक लागायला सुरुवात चाकापाशी होत नाही, डोळ्यापाशी होते. डोळ्याला अडथळा दिसतो, मेंदू तो ओळखतो, पायाला आज्ञा जाते, पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर येतो. जागरूक माणसाला अनपेक्षित प्रसंगी यासाठी साधारण दीड सेकंद लागतो. ताशी १०० वेगाने या दीड सेकंदात गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागलेलाच नसतो. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ४९ मीटर लागतात. एकूण ९१. ताशी ८० वेगाने हीच बेरीज ६५ मीटरवर येते, ताशी ६० ने ४३ मीटरवर.

यातून एक विलक्षण गोष्ट निघते. दोन सारख्या गाड्या शेजारी-शेजारी धावत आहेत, एक ८० ने आणि दुसरी १०० ने. दोघांना समोरचे संकट एकाच क्षणी दिसले आणि दोघांनी सारखाच ब्रेक लावला. पहिली जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरीचा वेग अजून ताशी ७२ किलोमीटर असतो. केवळ वीसचा फरक, पण पहिल्या गाडीतला माणूस घाम पुसतो आणि दुसऱ्या गाडीतल्याला स्ट्रेचरवर ठेवावे लागते.

आता महागड्या ब्रेकमुळे थांबण्याचे अंतर दोन-तीन मीटरने कमी झाले असे मानू. मोबाइलच्या पडद्याकडे दोन सेकंद नजर गेली तर ताशी १०० वेगाने ५५ मीटर अंतर डोळे झाकून कापल्यासारखे होते. झोपेमुळे पाय अर्धा सेकंद उशिरा हलला तर १४ मीटर गेले. लाख रुपये देऊन कमावलेले तीन मीटर एका जांभईत संपतात.

झोपेची गोष्ट तर दारूइतकीच गंभीर आहे. आपल्या कायद्यात वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असणे गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत असे दिसले की सलग सतरा तास जागे असलेल्या माणसाची हालचाल आणि एकाग्रता १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. सकाळी सहाला उठून दिवसभर काम करून रात्री अकराला पुण्याहून बीडकडे निघालेला माणूस एक थेंब न घेताही या अवस्थेत असतो. त्याला पकडायला कुठल्या पोलिसाकडे यंत्र नाही. त्यातही पहाटेचे दोन ते पाच हे तास सर्वात वाईट, कारण त्या वेळी शरीराचे घड्याळच झोप मागत असते.

औषधांचेही तसेच. सर्दी-खोकल्याच्या कित्येक गोळ्यांत आणि अॅलर्जीच्या औषधांत झोप आणणारा घटक असतो. मेडिकलमधून गोळी घेऊन लगेच स्टिअरिंगवर बसणाऱ्याला तो ठाऊक नसतो. मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेऊन जेवण चुकवले, तर साखर एकाएकी खाली येऊन भान हरपते. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या तळपायांना बधिरपणा येतो. पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर, हे बोटांना कळेनासे होते. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरच्या दिव्यांची चकाकी पसरते आणि रस्ता दिसत नाही. ज्याला रात्री घोरताना श्वास अडकण्याचा विकार आहे, तो दिवसाही गाडी चालवता चालवता पेंगतो.

हे सगळे ब्रेकचेच बिघाड आहेत. फरक इतकाच की यांच्यासाठी गॅरेज नसते, दवाखाना असतो. आणि इथे दोष रुग्णाचा एकट्याचा नाही. औषध लिहून देताना ‘तुम्ही गाडी चालवता का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायलाच हवा. ट्रकचालकाच्या मधुमेहाचे उपचार आणि घरी बसणाऱ्या आजोबांच्या मधुमेहाचे उपचार एकाच चिठ्ठीत बसत नाहीत. चालकांच्या आरोग्य तपासणीत डोळे तपासले जातात, पण पायाची संवेदना, झोप आणि साखर यांकडे कुणी पाहत नाही. चार प्रश्न आणि एक रक्ततपासणी, एवढ्याने बरेच साधेल.

ब्रेक पुरले नाहीत तेव्हा

कितीही चांगले ब्रेक असले तरी एखादी धडक टळत नाही. अशा वेळी शरीराला थांबवणारा ब्रेक एकच असतो, सीटबेल्ट. धडकेत तीन आघात होतात. आधी गाडी आदळते, मग शरीर गाडीवर आदळते, आणि शेवटी शरीराच्या आतले अवयव शरीरावर. मेंदू कवटीवर आपटतो. यकृत आणि प्लीहा फाटतात. हृदयातून निघणारी महारोहिणी छातीच्या आत ताणून तुटू शकते. वरून खरचटलेलेही नसते आणि आत रक्त वाहत असते. ताशी ५० वेगाची गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर शरीरावर त्याच्या वजनाच्या वीसपट जोर येतो. मांडीवरचे दहा किलोचे लेकरू त्या क्षणी दोनशे किलोचे होते. ते कुठल्याही आईच्या हातात राहू शकत नाही.

बीड जिल्ह्याला हे सांगायला बाहेरचे दाखले लागत नाहीत. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली, तेव्हा ते मागच्या आसनावर होते. विनायक मेटे यांचा १४ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अंत झाला तो रात्रीच्या प्रवासात, पहाटे. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री मोठ्या, महागड्या गाडीच्या मागच्या आसनावर गेले. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्याने पट्टा लावायचा नसतो, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. कायद्याने तो मागेही सक्तीचा आहे. शरीरशास्त्राने तर पुढे आणि मागे असा भेद कधी केलाच नाही.

आणि गाडीच्या बाहेरचा माणूस? त्याला ना पट्टा, ना एअरबॅग. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीच्या धडकेने दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. त्या गाडीचे ब्रेक कारखान्यातूनच असे असतात की आपल्या हॅचबॅकला कुठलाही संच लावून ते येणार नाहीत. गाडीत जगातले उत्तम ब्रेक होते. वेळेत दाबायला कुणी नव्हते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ झाला तर समोरून धडकलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होते आणि जवळजवळ वीस टक्के पायी चालणारे. म्हणजे दर दहांत सहा जण असे, ज्यांच्याभोवती पत्राही नव्हता. हॅचबॅकमधल्या तरुणाच्या ब्रेकवर त्याच्यापेक्षा याच लोकांचा जीव अधिक अवलंबून असतो.

गॅरेजमधला पोरगा

ब्रेकच्या चर्चेत एक माणूस कायम विसरला जातो, ते बदलणारा. ड्रम उघडला की आत काळी धूळ साठलेली असते. हवेच्या पाइपने ती फुंकून काढायची आपल्याकडे पद्धत आहे. पंधरा-सोळा वर्षांचा मदतनीस तोंडाला रुमालही न बांधता ते करत असतो. या धुळीत धातूंचे सूक्ष्म कण असतात. जुन्या आणि हलक्या दर्जाच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकते; पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर भारतात अजून पूर्ण बंदी आलेली नाही. त्याचे तंतू फुप्फुसात रुतले की बाहेर पडत नाहीत, आणि त्यातून होणारे आजार, कर्करोगासह, वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतात. तोवर तो मुलगा स्वतः गॅरेजचा मालक झालेला असतो आणि त्याच्या खोकल्याचे मूळ कुणालाही आठवत नाही. उपाय साधा आहे. धूळ फुंकायची नाही, पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसायची, तोंडावर चांगला मास्क लावायचा, आणि ॲस्बेस्टॉस नसलेले, नामांकित बनावटीचेच लायनर वापरायचे. ग्राहकाने एवढा आग्रह धरला तरी गॅरेजवाले ऐकतील.

खर्चाचा क्रम

तेव्हा ब्रेक सुधारायचे आहेत ना? जरूर सुधारावेत, पण क्रमाने. आधी चालकाची झोप, नजर आणि औषधे. मग टायर. मग ब्रेक ऑइल. मग कंपनीच्या दर्जाचे चांगले पॅड. मग चारही जणांचे पट्टे. एवढे सगळे झाल्यावरही पैसे उरले आणि ट्रॅकवर गाडी पळवायची हौस असेल, तर मोठ्या डिस्कचा विचार करावा. तोही नियमात बसवून, जाणकाराकडून. या क्रमातल्या पहिल्या पाच गोष्टींचा खर्च जोडला तरी तो मोठ्या संचाच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी भरतो.

याच न्यायाने सरकारी खर्चाचाही क्रम लावला पाहिजे. हंगामात याच रस्त्यांवरून उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात; सगळा भार एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर असतो. दहा टनांचा भार १०० मीटर उतरला की सुमारे ९८ लाख ज्यूल ऊर्जा सुटते, आणि मागून ढकलणारी ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला आडवे करू शकते. वर मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही. ब्रेक सुधारण्याची खरी निकड इथे आहे. गळीत सुरू होण्याआधी कारखान्यांनी आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीचे ब्रेक, दिवे आणि पट्ट्या तपासून घ्याव्यात, आणि परिवहन खात्याने ती तपासणी झाली की नाही हे पाहावे. हॅचबॅकवाल्या तरुणाला उपदेश करणे सोपे आहे. जिल्ह्यातली हजारो कुटुंबे पोटासाठी ज्या वाहनावर बसून घर सोडतात, त्याच्या ब्रेकची जबाबदारी घ्यायला मात्र कुणी पुढे येत नाही.

तोवर प्रत्येकाच्या हातात असलेली गोष्ट प्रत्येकाने करावी. बीडकडे घाट उतरण्याआधी मांजरसुंब्याला थांबावे. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून पाहावे. ते घट्ट लागते की हळूहळू खाली बसते, ते लक्षात घ्यावे. टायरवरून हात फिरवावा. मागे बसलेल्यांना पट्टे लावायला सांगावे. आणि डोळे जड झाले असतील तर चहावर भागवू नये. गाडी रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागी लावून अर्धा तास झोपावे. या यादीतला हा एकच ब्रेक फुकट मिळतो.